मे महिन्यातला नाताळ

शशिकांत बेंद्रे यांना कुठल्याही विषयाची भीती म्हणून कधी वाटली नाही, आणि त्याचं कारण अगदी सरळ आहे. कुठल्याही विषयाच्या फार जवळ ते कधी गेलेच नाहीत. लांबून एक नजर टाकायची, "हं, एवढंच ना?" म्हणायचं, आणि त्यावर बोलायला उभं राहायचं. सत्तावीस वर्षं सनीव्हेलमध्ये राहून आणि सांता क्लाराच्या एका चिप कंपनीचे डेटाबेस सांभाळून त्यांनी ही कला चांगली घोटली होती. मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून त्यांनी आजवर भूकंप, युरोपचं अर्थकारण आणि मधमाश्या या विषयांवर व्याख्यानं दिली होती. मधमाश्यांच्या वेळी श्रोत्यांत खरोखरच मधमाश्या पाळणारा एक मनुष्य निघाला, तेव्हा "आपण नंतर निवांत बोलू" असं म्हणून त्यांनी त्याला खाली बसवलं होतं. तो बिचारा अजून निवांतपणाची वाट बघतोय.

तर असा हा माणूस या जानेवारीत ब्राझीलच्या सिनेमाच्या वाटेला गेला. ब्राझीलनं त्यांचं काही वाकडं केलं नव्हतं. खरं भांडण होतं मुलीशी.

आन्या ही त्यांची एकुलती एक मुलगी. कॉम्प्युटर सायन्सची तीन सेमिस्टर उत्तम मार्कांनी पार पाडून चौथ्या सेमिस्टरला तिनं सिनेमाचा अभ्यास घेतला, आणि त्या दिवसापासून बेंद्रे त्या विषयाचा उल्लेख फक्त "तिचं ते" असा करत. तिचं ते पुढे वाढत जाऊन ॲन आर्बरच्या विद्यापीठात पीएचडीपर्यंत पोचलं. एका वर्षात ब्राझीलमध्ये तिथलेच किती सिनेमे लागले, कुठल्या गावात लागले, कोणी बघितले, असा काहीतरी प्रबंध. पाच वर्षं चाललेला. जानेवारीत एका रविवारी तिचा फोन आला.

"बाबा, नाइन्थ एप्रिलला माझा पीएचडीचा डिफेन्स आहे. ओपन टु पब्लिक आहे. तू आणि आई याल?"

कुठल्याही शहाण्या बापानं या वाक्यानंतर विमानाची तिकिटं शोधली असती. आपले बेंद्रे म्हणाले, "एका वर्षाचे सिनेमे मोजायला पाच वर्षं? अगं, मला तीन वीकेंड दे. एक स्प्रेडशीट, विषय खलास!"

 पलीकडून "ओके, बाबा," एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला. बंद फोनला बेंद्रे म्हणाले, "शिवाय एप्रिलमध्ये आमच्या डेटाबेसचं मायग्रेशन आहे. बघू."

स्वयंपाकघरातून रत्नाबाई बाहेर आल्या. "अहो, पोरीनं बोलावलंय. तिनं तुम्हाला मोजायला सांगितलं नव्हतं."

आता इथे बेंद्रेंनी परत फोन लावला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि ब्राझीलही वाचलं असतं. पण चूक झाली असं आतून वाटू लागलं, की हा माणूस ती चूक मोठ्या प्रमाणावर करायला घेतो. त्याच दुपारी त्यांनी मंडळाचा सेक्रेटरी सिद्धेश याला कळवलं: मार्चच्या पहिल्या रविवारी "ब्राझीलचा सिनेमा: एक वर्ष, एक सिद्धांत" या विषयावर आपण बोलू.

सिद्धेश नागपूरचा, चौतिशीचा, व्हिसावर आलेला, आणि मंडळात एकमेव घड्याळ बघून चालणारा माणूस. त्याच्याकडे एक पितळी घंटा आहे. वक्त्याची वेळ संपली की तो ती वाजवतो, मग समोर कोण का असेना. बेंद्रेंचं मधमाश्यांचं व्याख्यान त्यानं बाराव्या मिनिटाला घंटेखाली गाडलं होतं.

"काका, या वेळी फोर्टी मिनिट्स देतो तुम्हाला. दुसरे वक्ते कॅन्सल झालेत," सिद्धेश म्हणाला.

बेंद्रेंना चाळीस मिनिटांचा आनंद झाला आणि "काका"चा राग आला. आपल्याला "सर" म्हणावं असं त्यांना वाटतं. तसं कोणी म्हणत नाही.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. खालच्या मजल्यावरचे प्रसन्न गोखले स्वतः कधी कशावर बोलत नाहीत, फक्त इतरांनी काय बोलावं ते सांगतात. ते म्हणाले, "एक स्लाइड फुटबॉलची टाक. एक कॉफीची. एक एआयची. लोक झोपत नाहीत." नंदाकाकू, म्हणजे मंडळाच्या जेवणखाण समितीच्या तहहयात अध्यक्ष, म्हणाल्या की साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो मूळचा ब्राझीलचाच, तेव्हा कार्यक्रमाला साबुदाणा वडा हवाच. ही एवढी एकच गोष्ट पुढे खरी निघाली. काकूंनी वड्याचा उल्लेख मंडळाच्या ग्रुपवर टाकताच हजेरी अकरावरून बावन्नवर गेली. बेंद्रेंनी मात्र हा आकडा ब्राझीलच्या नावावर मांडून घेतला.

हॉलचं बुकिंग हे निराळंच प्रकरण. कम्युनिटी सेंटरच्या खिडकीतल्या बाईंनी फॉर्ममध्ये "सिनेमा" हा शब्द बघितला आणि विचारलं, सिनेमा दाखवणार का? दाखवणार असाल तर हक्कांची कागदपत्रं आणा. बेंद्रे म्हणाले, दाखवणार नाही. बाई म्हणाल्या, एखादा तुकडा? तुकडाही नाही. पोस्टर? बेंद्रे विचारात पडले आणि म्हणाले, पोस्टरही नाही. मग तसं लिहून द्या. तेव्हा त्यांनी सही करून लिहून दिलं की सिनेमावरच्या या कार्यक्रमात सिनेमा कुठल्याही स्वरूपात आढळणार नाही. आपण इतक्या दिवसांत केलेलं सगळ्यात खरं विधान तेच, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

कारण त्यांनी ब्राझीलचा एकही सिनेमा बघितला नव्हता. बघणारही नव्हते. "सिनेमा बघणं ही सिनेमा समजून घेण्याची सगळ्यात स्लो मेथड आहे," असं ते प्रसन्नला लिफ्टमध्ये म्हणाले होते आणि प्रसन्ननं मान डोलावली होती. त्यांनी इंटरनेटवरून एक पोर्तुगीज यादी उचलली. आन्याच्या प्रबंधातल्याच त्या अख्ख्या वर्षात तिथे लागलेल्या देशी सिनेमांची. दीडशेच्या वर नावं, प्रत्येकापुढे तारीख. नावं भाषांतराच्या यंत्रातून काढली, आणि सगळं स्प्रेडशीटमध्ये ओतलं.

इथे जरा थांबून बेंद्रे आणि तारीख यांचं नातं सांगायला हवं. ते मूळचे सांगलीचे. अमेरिकेत आल्या आल्या लायसन्स काढायला गेले तेव्हा त्यांनी जन्मतारीख सांगलीच्या पद्धतीनं, आधी दिवस मग महिना, अशी लिहिली. पाच सप्टेंबरचे बेंद्रे नऊ मेला जन्मले. पासपोर्ट एक म्हणतो, लायसन्स दुसरंच. ते दुरुस्त करायला त्यांना सहा फेऱ्या माराव्या लागल्या, आणि सहाव्या फेरीत खिडकीतल्या माणसानं त्यांना भर रांगेत विचारलं, "सर, आर यू शुअर यू वेअर बॉर्न?" त्या दिवसापासून हा माणूस "महिना आधी" या धर्माचा प्रचारक झाला. भारतातून नवा कोणी आला की त्याला हे आधी तारीख शिकवणार, मग पाणी विचारणार. सिद्धेशनं एकदा मंडळाच्या पत्रकावर आधी दिवस छापला, तर बेंद्रेंनी पत्रक लाल पेनानं दुरुस्त करून त्याला परत पाठवलं होतं.

आणि ब्राझील? ब्राझील सांगलीसारखंच लिहितं. आधी दिवस, मग महिना.

आता कल्पना करा. चार जानेवारीचा सिनेमा बेंद्रेंच्या अमेरिकन स्प्रेडशीटनं एक एप्रिलला लावला. अकरा जानेवारीचा गेला एक नोव्हेंबरला. अठरा जानेवारीचा आला तेव्हा स्प्रेडशीटनं हात टेकले, कारण अठरावा महिना आणायचा कुठून? तेरा तारखेपासून पुढचे सगळे सिनेमे असे अडकले आणि यादीच्या तळाशी जाऊन बसले. सत्तावीस वर्षं डेटाबेस सांभाळलेल्या माणसाला इथे शंका यावी की नाही? बेंद्रेंना आली. त्यांनी म्हटलं, "खराब डेटा. या लोकांना साधी तारीख लिहिता येत नाही," आणि नव्वदच्या वर सिनेमे एका बोटानं पुसून टाकले. अर्ध्याहून जास्त ब्राझील कचऱ्याच्या डब्यात! राहिले साठेक, आणि ते सगळेच्या सगळे कुठल्या ना कुठल्या महिन्याच्या एक ते बारा तारखेच्या आत.

बेंद्रे खुर्चीतून उठले. त्यांना सिद्धांत सापडला होता.

फेब्रुवारीच्या शेवटी आन्या आठवड्याभराच्या सुट्टीवर घरी आली. आली म्हणजे रत्नाबाईंनी आणवली. टेबलावरचं पत्रक तिनं वाचलं, दोनदा वाचलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी स्लाइड्स बघू का?"

"नको नको," बेंद्रे म्हणाले, "तुला बायस येईल."

तिनं पत्रक जिथं होतं तिथं ठेवलं. रत्नाबाईंनी नवऱ्याकडे अशा नजरेनं बघितलं की दुसरा कोणी असता तर त्यानं शेपूट घातली असती. बेंद्रे चार्टचा रंग बदलत बसले. त्यांचं एक स्वप्न होतं. पोरगी पहिल्या रांगेत बसेल, आपल्या पंधराव्या मिनिटाला तिच्या चेहऱ्यावर "अरे, हे मला कसं नाही सुचलं?" असं उमटेल, आणि मग आपण मोठ्या मनानं एप्रिलमध्ये जायला तयार होऊ. लेकीनं आपल्याला मानावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी तिला आधी हरवावं लागतं अशी त्यांची समजूत होती, आणि ही समजूत दूर करायला घरात कोणाला वेळ झाला नव्हता.

रविवारी हॉल भरला. मागच्या टेबलावर वडे झाकलेले होते आणि बावन्न लोक व्याख्यान ऐकायला तोंड पुढे करून, पण जीव मागे ठेवून बसले होते. सिद्धेश घंटा घेऊन कोपऱ्यात. आन्या पहिल्या रांगेत, आईशेजारी.

पंधराव्या मिनिटाला सिद्धांत आला. पडद्यावर चार्ट. एक ते बारा तारखांवर उंचच उंच मनोरे, आणि तेरापासून एकतीसपर्यंत सपाट मैदान.

"बघा!" बेंद्रे म्हणाले. "आपल्याकडे बाराही महिने कधीही कुठलाही सिनेमा येतो. ब्राझीलमध्ये शिस्त आहे. तिथे सिनेमे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच लागतात. उरलेले दिवस समाज काय करतो? चिंतन करतो!"

प्रसन्ननं टाळी वाजवली. आन्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. बेंद्रेंना वाटलं, हेच ते उमटणं.

मग त्यांनी हौसेनं यादीची स्लाइड लावली, आणि नंदाकाकूंचा हात वर झाला. काकूंची नजर वडा तळून तळून बारीक रंग ओळखण्याइतकी तयार झालेली आहे.

"शशिकांतराव, ते चौथं नाव. नाताळच्या आजोबांवरचा सिनेमा म्हणताय ना? त्याच्यापुढे बारा मे कसं?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न बेंद्रेंनाही घरी पडला होता, आणि त्यांनी त्याची सोय लावली होती. "छान प्रश्न! ब्राझील दक्षिण गोलार्धात येतं, नंदाताई. तिथे थंडी पडते मे-जूनमध्ये. थंडी मेमध्ये, म्हणून नाताळ मेमध्ये."

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. काकू बसल्या नाहीत. "अहो पण येशू काय थंडी बघून जन्माला आला का?"

मग जो हशा पिकला! मागच्या रांगेतली माणसं वडे विसरून पुढे सरकली. बेंद्रेंचे कान लाल झाले. अशा वेळी माणसानं पुढची स्लाइड लावावी. पण दुखावलेला मान फार वाईट, तो माणसाला नेमका खड्ड्याकडे नेतो. बेंद्रे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "इथे प्रत्यक्ष तज्ज्ञ बसल्या आहेत. पाच वर्षं अभ्यास केलाय. आन्या, सांग यांना."

"बाबा, घरी बोलूया का?"

"घरी कशाला? मंडळापुढे सांग!"

आन्या उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तिला बोलायचं नव्हतं हे शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना दिसत होतं. "डे फर्स्ट आहे, बाबा. मग मंथ. झीरो फाइव्ह, वन टू म्हणजे पाच डिसेंबर. ते सांगलीसारखं लिहितात."

 मग कोपऱ्यातून सिद्धेश, लाल पेनाच्या पत्रकाचा तो सिद्धेश, अतिशय नम्रपणे म्हणाला, "म्हणजे महिना आधी नाही ना, काका?"

आयुष्यात पहिल्यांदा बेंद्रेंनी त्या पितळी घंटेकडे आशेनं बघितलं. वाजव बाबा, आता तरी वाजव. सिद्धेशनं घड्याळ बघितलं. "अजून ट्वेंटीवन मिनिट्स आहेत तुमची."

"मग तेरा तारखेपासूनचे सिनेमे गेले कुठे?" प्रसन्ननं विचारलं. एरवी या माणसाला कधी प्रश्न पडत नाहीत, आणि तो पडायला त्याला आजचाच मुहूर्त मिळाला.

"ते... काढून टाकले," बेंद्रे म्हणाले. "खराब होते."

"डिलीट केलेस?" आन्याचा आवाज बदलला. "सगळे? बाबा, ते मी बघितलेत." ती आता मंडळाशी बोलत नव्हती. "जानेवारीच्या अठरा तारखेला एक फिल्म लागली होती. एका गावात, एकाच थिएटरमध्ये, एक आठवडा. बसमध्ये तिकिटं देणाऱ्या एका बाईची स्टोरी. अकरा लोकांनी बघितली. त्या अकरातले पाच मी शोधून काढले, त्यांच्या घरी गेले. एका आजींनी मला सगळी फिल्म तोंडानं सांगितली, कारण ती परत कुठे लागलीच नाही. पाच वर्षं मी हे करतेय. मोजत नव्हते मी."

 बेंद्रेंना लाज वाटली. मंडळापुढे फजिती झाल्याची नव्हे, तिची त्यांना सवय होती. आपण काय पुसलं ते आत्ता कळलं, याची.  सत्तावीस वर्षांत मंडळानं त्यांना असं ओशाळलेलं कधी बघितलं नव्हतं.

ते व्यासपीठावरून उतरले. माईक मुलीच्या हातात दिला आणि तिच्या रिकाम्या खुर्चीत, बायकोशेजारी जाऊन बसले.

"त्या आजींचं पुढे काय झालं ते सांग," नंदाकाकू म्हणाल्या, आणि बसल्या.

आन्या बोलली. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. तिथे सिनेमे गुरुवारी लागतात हे तिनं सांगितलं, थिएटर नसलेल्या गावांचं सांगितलं, भिंतीवर चादर बांधून दाखवलेल्या सिनेमांचं सांगितलं. चाळीस मिनिटं केव्हाच उलटली. सिद्धेशनं घंटा खुर्चीखाली ठेवली होती. वडे गार झाले तरी फक्त प्रसन्न उठला, आणि तोही दोन घेऊन परत जागेवर येऊन ऐकू लागला.

बेंद्रे सुधारले, असं कोणी समजू नये. दुसऱ्याच दिवशी ते लिफ्टमध्ये प्रसन्नला म्हणाले, "चूक पकडायची सवय तिला घरातूनच लागली." पण आन्या विमानात बसली त्या दुपारी रत्नाबाईंना फ्रिजवरच्या मंडळाच्या कॅलेंडरवर एक नोंद दिसली: "नऊ एप्रिल, गुरुवार, आन्या." आकडा एकही नव्हता. महिनासुद्धा अक्षरात.

"अहो, महिना आधी ना?" रत्नाबाईंनी विचारलं.

"असू दे," बेंद्रे म्हणाले. "मायग्रेशन ऑफिसातला अंकुर बघेल. तिकिटं काढलीत."

ॲन आर्बरला एप्रिलमध्येही बर्फ होतं, आणि त्याबद्दल बेंद्रेंनी टॅक्सीवाल्याला भूगोल शिकवला. मग ते एका लहानशा खोलीत शेवटच्या रांगेत बसले आणि दोन तास गप्प राहिले. रत्नाबाईंनी मध्ये दोनदा बघितलं, जागे आहेत ना म्हणून. जागे होते. चार प्रोफेसरांनी आन्याला उभे-आडवे प्रश्न विचारले. तिनं सगळ्यांची उत्तरं दिली. शेवटी मधल्या खुर्चीतल्या प्रोफेसरबाई म्हणाल्या, उपस्थितांपैकी कोणाला काही विचारायचं आहे का?

बेंद्रेंचा हात वर गेला. रत्नाबाईंनी कोटाची बाही पकडली, पण उशीर झाला होता. व्यासपीठावर आन्यानं डोळे मिटून घेतले.

बेंद्रे उभे राहिले, घसा साफ केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं.

"ती बसमधल्या बाईची फिल्म," ते इंग्रजीत म्हणाले, "ती कुठे बघायला मिळेल?"

आन्यानं डोळे उघडले. समोर चार प्रोफेसर असताना ती मराठीत म्हणाली, "माझ्याकडे आहे, बाबा, मेकर्सकडून कॉपी मिळवलीय. आज संध्याकाळी बघू."

संध्याकाळी त्यांनी ती बघितली. सबटायटल फार बारीक आहेत अशी तक्रार त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत तीनदा केली, आणि नंतर केली नाही. आता जगात ती फिल्म बघितलेली चौदा माणसं आहेत, असं रत्नाबाई म्हणाल्या. बेंद्रेंनी हिशेब तपासला नाही.